गल्लीत पाणी शिरण्याआधी गल्ली सरकारच्या कागदावर चढवा

मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं माझ्याकडे नैसर्गिक आपत्तीचं टेबल होतं. दर मे महिन्यात आपत्ती व्यवस्थापन आराखडा 'अद्ययावत' करायचा. म्हणजे मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, बदली झालेल्या साहेबांच्या जागी नवीन नावं टाकायची. पूरप्रवण गावं तीच, लाइफ जॅकेट तेवढेच, निवारा म्हणून शाळाही तीच.

निवृत्तीला दीड वर्ष झालं होतं. २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र. नागपुरात नाग नदीपासून दोन गल्ल्या आत माझं तळमजल्याचं घर. पहाटे तीनच्या सुमारास बायकोनं मला हलवलं, "अहो, चप्पल पलंगाखाली नाही, पोहून राह्यली."

मी फोन उचलला आणि इतकी वर्षं ज्या लोकांवर मनातल्या मनात चिडायचो, अगदी त्यांच्यासारखाच बोललो. "लवकर या हो, पाणी भरलं!" पलीकडच्या पोट्ट्यानं विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "इकडे, अंबाझरीकडे." अंबाझरीकडे! अर्धं पश्चिम नागपूर अंबाझरीकडे आहे. त्या पोट्ट्यानं नोंदवहीत काय लिहिलं असेल हे मला न पाहताही सांगता येतं, कारण तसल्या नोंदी मी शेकड्यानं लिहिल्या आहेत आणि त्यांच्यापुढचा 'कार्यवाही' हा रकाना कोराच राहतो.

तेव्हा खाली जे लिहिलं आहे ते फोनच्या दोन्ही टोकांना बसलेल्या माणसाचं आहे.

पाणी येतं कुठून ते आधी पाहा

नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरी तलावातून पुढे निघते आणि शंकरनगर, पंचशील चौक, मोरभवन, अशोक चौक, जगनाडे चौक असं अख्खं शहर कापत पूर्वेला जाते. त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. तलाव ओसंडला, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटमध्ये माणसं झोपेत असताना पाणी शिरलं, मोरभवनात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, पंचशील चौकातला पूल खचला. एनडीआरएफ, एसडीआरएफ ही केंद्राची आणि राज्याची आपत्ती पथकं, लष्कर, सगळे उतरले.

शंभर मिलिमीटर म्हणजे किती, हे आकड्यात कळत नाही. तुमच्या हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढा पाऊस पडला की नऊ हजार लिटरहून जास्त पाणी होतं. जवळपास एक टँकर. आता गल्लीतल्या गच्च्या मोजा आणि तेवढे टँकर एकदम रस्त्यावर रिकामे झाले असं समजा.

पण सगळं पाणी अंबाझरीचं नसतं. ६ जुलै २०१८ ला पावसाळी अधिवेशन नागपुरात होतं. त्या दिवशी विधान भवनाच्या वीजयंत्रणेच्या खोलीत पाणी शिरलं, लाइट गेली आणि कामकाज बंद करावं लागलं. तिथं नदी आली नव्हती, पाण्याला जायला वाट नव्हती. नरेंद्रनगरचा रेल्वेपूल तर चांगली सर आली की भरतो, त्याला नदी लागत नाही.

म्हणून मागच्या वेळचं आठवा. पाणी पहिल्यांदा दिसलं कुठं? फाटकातून आलं असेल तर नाल्याचं किंवा नदीचं. बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येत आलं असेल तर गटार उलटं फिरलं. माझ्याकडे आधी बाथरूममधून आलं, फाटकातून नंतर. ही दोन वेगळी दुखणी आहेत, अर्जही वेगळे करावे लागतात. एकाच अर्जात दोन्ही घातलीत की एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि अर्ज मधल्या मध्ये फिरत राहतो.

कन्हान, पेंचच्या काठच्या गावांचं तिसरंच आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या पावसानं पेंचला लोंढा आला, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांची दारं उघडावी लागली, आणि पारशिवनी, कामठी, मौद्याच्या बाजूची गावं पाण्यात गेली. तिथल्या माणसानं आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून काही उपयोग नाही, पाऊस छिंदवाड्याला पडतो. धरणाचा विसर्ग किती आणि केव्हा, हे कोतवाल, पोलीस पाटील किंवा तलाठी सांगतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच. त्याचा नंबर जवळ नसेल तर आजच घ्या. ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदी शिरली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या कार्यालयात जुनी मंडळी मोवाडचं नाव घेताना आवाज खाली करत.

मे महिन्याचं काम : अर्ज

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. मेमध्ये मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, प्रत्येक विभाग याद्या घेऊन येतो. शहरात काम महापालिकेचं, आणि तुमचा दरवाजा म्हणजे झोन कार्यालय. नागपुरात असे दहा झोन आहेत. एवढी रचना पुरे. त्या याद्यांत तुमची गल्ली आहे का, हा खरा प्रश्न. यादीत असेल तर पंप कुठं ठेवायचा, गाळ कुठला आधी काढायचा, हे ठरताना तिचं नाव निघतं.

पहिल्या वर्षी मीही तोंडीच सांगून आलो. संबंधित कार्यालयातला बाबू ओळखीचा निघाला, चहा झाला, "होऊन जाईल ना काका" झालं. काही झालं नाही. चाळीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसानं तोंडी विनंती करावी, याला काय म्हणावं!

अर्ज असा लिहा. हा माझाच आहे, घर क्रमांक वगळून (रपटा म्हणजे पाइपांवरचा बुटका पूल) :

"दिनांक २३/०९/२०२३ रोजी पहाटे ३ ते ७ या वेळेत आमच्या गल्लीतील १४ घरांत ३ फुटांपर्यंत पाणी होते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रपट्याच्या दोन पाइपांपैकी डावीकडील पाइप गाळाने पूर्ण बुजलेला आहे. दोन फोटो जोडले आहेत. सदर पाइप ३१ मेपूर्वी मोकळा करून काढलेला गाळ उचलून न्यावा. गल्लीत ७० वर्षांवरील ९ व्यक्ती व डायलिसिसवर असलेली १ व्यक्ती राहते. या गल्लीची नोंद पाणी साचणाऱ्या ठिकाणांच्या यादीत घेऊन तसे अर्जदारास लेखी कळवावे."

'आमच्या भागात खूप पाणी साचते, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहिलंत तर योग्य ती कार्यवाही म्हणजे अर्ज दप्तरी दाखल. डावीकडचा पाइप असं लिहिलं की कोणाला तरी जाऊन पाहावंच लागतं. आणि शेवटचं वाक्य सोडू नका. 'लेखी कळवावे' म्हटलं की तो संदर्भ, म्हणजे आलेला कागद, बाबूच्या कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे कामाच्या हिशेबाच्या वहीत चढतो आणि उत्तर जाईपर्यंत प्रलंबित दिसत राहतो. प्रलंबित संदर्भांवर बाबूला बोलणी बसतात, साचलेल्या पाण्यावर नाही. मी ती बोलणी खाल्ली आहेत म्हणून सांगतो.

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" म्हणाले तर हसून उभं राहा. तोच अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवरही टाका.

'काढलेला गाळ उचलून न्यावा' हे मुद्दाम लिहिलं आहे. नाग, पिवळी, पोहरा या नद्यांची उन्हाळ्यात सफाई होते, पोकलँड लागतात, पेपरात फोटो येतात. पण काढलेला गाळ काठावरच राहिला तर मृगाची पहिली सर त्याला पुन्हा आत ढकलते. गाळ काढल्याच्या दिवशी फोटो घ्या आणि आठ दिवसांनी त्याच जागेवर उभं राहून पुन्हा घ्या.

दुसरं काम माहितीच्या अधिकाराचं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि दोनच गोष्टी विचारा : आमच्या प्रभागासाठी आराखड्यात कोणतं निवारा केंद्र आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. मला शाळेचं नाव आलं. मी चालत गेलो, सोबत शेजारच्या काकू. शाळेला कुलूप. चौकीदार म्हणाला किल्ली शिपायाकडे, शिपाई राहतो वाडीला. पाऊस झाल्यावर वाडीहून तो येणार कसा, तर त्याच रस्त्यानं जो आधी बुडतो! मुख्याध्यापिका मात्र भल्या होत्या. त्यांनी दुसरी किल्ली समोरच्या किराणावाल्याकडे ठेवायची व्यवस्था केली आणि तसं आम्हाला लिहूनही दिलं. सगळ्या धावपळीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच झालं, असं मला वाटतं.

भिंतीवरच्या तीन रेघा

पूर ओसरल्यावर समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर मातीची रेघ उरली होती. ती पुसली जायच्या आत मी खिळ्यानं कोरून ठेवली. मग फाटकाला लावून उरलेला ऑइल पेंट काढला, बायकोच्या शिलाईचा टेप घेतला आणि त्याच भिंतीवर खालच्या बाजूला तीन रेघा ओढल्या.

पिवळी रेघ नालीच्या काठाबरोबर. पाणी तिथं लागलं की गल्लीतले सगळे फोन वाजवायचे आणि गाड्या उंचावर न्यायच्या. नारिंगी रेघ रस्त्यापासून चार बोटं वर. तिथं म्हातारी माणसं आणि लेकरं वरच्या मजल्यावर, तळमजल्यांचे मेन स्विच बंद. लाल रेघ आमच्या उंबरठ्याच्या उंचीची. तिथं पाणी आलं की खाली कोणी उतरायचं नाही, फ्रीज राहिला असो की सोनं. त्या रात्री पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत यायला माझ्या घरात वीस मिनिटं लागली होती, आणि त्यातली पाच मी चष्मा शोधण्यात घालवली.

वरच्या मजल्यावरच्या लोकांना हे आधी विचारून ठेवा, बरं का. रात्री तीनला दार वाजवून ओळख करून घेण्यात मजा नाही. आमच्या वरच्या वहिनींनी पाच घरची माणसं त्यांच्या हॉलमध्ये बसवली. तेव्हापासून दर जूनला त्यांच्याकडे चहापत्ती, पारले बिस्किटं आणि एक चटई जास्तीची ठेवलेली असते.

रेघा पाहायच्या कोणी? नाग शहरात उलटली तेव्हा माणसं झोपेत होती. म्हणून अलर्ट असलेल्या रात्री आम्ही दोन-दोन पोट्ट्यांची पाळी लावतो. मोबाइल तर ते तसेही पाहत असतात, गॅलरीत बसून पाहा म्हटलं.

अलर्ट कसा वाचायचा

सोनेगावला, विमानतळाजवळ, हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथून जिल्ह्याचा रंग येतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. महसूलवाल्यांसाठी महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, आणि शेतकऱ्याच्या पंचनाम्याचं गाडं त्या आकड्यावर अडतं.

रंग अख्ख्या जिल्ह्याचा असतो. काटोल कोरडं आणि सीताबर्डीत गुडघाभर पाणी, असं होतं. त्यामुळे सकाळच्या रंगावर दिवस काढू नका, संध्याकाळी पुढच्या तीन तासांचा इशारा पुन्हा बघा. शेतात जाणाऱ्यांनी विजेसाठी 'दामिनी' अॅप ठेवावं. आपल्याकडे विजेनं माणसं जातात, आणि झाडाखाली उभं राहून जातात.

फोनवर काय बोलायचं

११२ कुठल्याही संकटासाठी, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०, वीज १९१२. खडूनं दारामागे लिहा, मोबाइल भिजतो.

फोन लागला की आधी जागा सांगा. घर क्रमांक, गल्ली, लेआउट, आणि अशी खूण जी अंधारात पाण्यातही दिसेल. 'पानठेल्याजवळ' चालत नाही, पानठेला बुडालेला असतो. 'तीन मजली पिवळी इमारत, गच्चीवर निळी टाकी' चालतं. मग किती माणसं, त्यांत म्हातारी, आजारी, लेकरं किती, आणि पाणी कुठपर्यंत. मग स्वतःचं नाव आणि नंबर. शेवटी समोरच्याला विचारा, "कितीला नोंद केली, तुमचं नाव काय?" नाव विचारलं की नोंद नीट होते. एका घरून एकच फोन करा. चौदा घरांतून प्रत्येकी चार फोन झाले तर खरा अडकलेला माणूस रांगेत मागे राहतो.

घरातलं

मेन स्विच पाणी यायच्या आत बंद करायचा. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, तेव्हा १९१२. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. रिकामं सिलिंडर तरंगतं आणि भिंतींवर आपटत फिरतं, त्याला खिडकीच्या गजाला बांधा. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर आजच उंच ठेवा.

बाथरूमच्या जाळीसाठी सोपा उपाय : दुधाच्या जाड पिशव्यांत वाळू भरा, तोंड बांधा, जाळीवर दोन आणि त्यावर पाट ठेवून वजन. संडासच्या भांड्यातही तशीच एक मोठी पिशवी बसवा. पाणी पूर्ण थांबत नाही, पण घरात शिरायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणसं वर जातात. ज्यांना परवडतं त्यांनी प्लंबरकडून चेंबरमध्ये एकाच बाजूनं उघडणारी झडप बसवून घ्यावी.

बुडालेली गाडी चालू करून पाहू नका. माझ्या जावयानं मारली किल्ली. इंजिनात पाणी गेलं होतं, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण विम्यात घेतलेलं नव्हतं. ढकलून बाहेर काढली असती तर सर्व्हिसिंगवर निभावलं असतं.

पंचनामा

पाणी ओसरल्यावर बायको लगेच खराटा घेऊन उभी राहिली. मी म्हटलं थांब. चिखल साफ करायच्या आधी फोटो काढा : भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी उभा असलेला घरचा माणूस, आणि प्रत्येक खोलीतला खराब झालेला माल. हे घरात उभं राहून सांगणं सोपं नव्हतं, पण दहा मिनिटांत होतं.

२०२३ ला सरकारनं पाणी शिरलेल्या कुटुंबांना १० हजार, दुकानांना ५० हजारांपर्यंत, टपऱ्यांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. ही दरवेळी सारखी नसते, त्या-त्या वेळी शासन निर्णय निघतो. पण रक्कम कितीही असो, ती पंचनाम्याच्या यादीवरच येते. पथक आलं की घरी कोणीतरी असायलाच हवं. आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, वीजबिल एका जागी ठेवा. आधारवर 'रामभाऊ' आणि पासबुकात 'रामचंद्र' असेल तर पावसाळ्याआधी दुरुस्त करा. नावाच्या या घोळात पैसे परत गेलेले मी माझ्या टेबलावर पाहिले आहेत.

भाडेकरूंनो, तुमच्यासाठी खास. भिजलेली गादी, भांडी, कपडे तुमचे, तर पंचनाम्यात नाव तुमचं हवं. पथकापुढे घरमालक उभा राहतो आणि आपलं नाव सांगतो, अधिकारी घाईत असतो, संपलं. भाडेकरार नसेल तर शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलवा आणि सही करण्याआधी कागद वाचा. 'पाणी शिरले' आणि 'पाणी साचले' यांत फरक आहे. घराच्या आत किती फूट, किती तास, हे आकड्यात लिहून घ्या. पथकाला पाणी पाजा, चहा पाजा, ती माणसंही चार दिवस झोपलेली नसतात. मग मोबाइलवर पंचनाम्याचा फोटो घ्या.

टाकी आणि विहिरीचं पाणी उपसून, ब्लीचिंग टाकून घेतल्याशिवाय पिऊ नका, तोवर उकळून. चिखलात उघड्या पायानं फिरू नका, आणि आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला आवर्जून सांगा की पुराच्या पाण्यात उभं होतो. लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा विचार मग तो करतो.

या सगळ्या कागदांची, आवक क्रमांकाच्या प्रतीसकट, एक जाड प्लास्टिकची पिशवी करा आणि तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवा. ती फ्रीजवर ठेवू नका. मी ठेवली होती, कारण घरात सगळ्यात उंच तोच वाटला. फ्रीज तरंगतो, आणि तरंगता तरंगता आडवा होतो. माळ्यावर ठेवा.